लाइफरे पोर्टलवर नव्या साइटची सुरुवातीची पाने आधीच ठरवून ठेवता येतात का?

प्रश्न : आमच्या संस्थेचे पोर्टल लाइफरे या संकेतस्थळे उभारण्याच्या सॉफ्टवेअरवर चालते आणि त्यावर प्रत्येक विभागासाठी स्वतंत्र साइट उघडावी लागते. नवी साइट कोरीच येत असल्याने मुखपृष्ठ, दस्तऐवज आणि सूचनाफलक ही तीन पाने दर वेळी हाताने मांडावी लागतात. मागच्या आठवड्यात एका विभागाचा सूचनाफलक लावायचाच राहून गेला. यावर उपाय आहे का?

उत्तर १ : आहे. साइट टेम्पलेट (नव्या साइटचा नमुना) तयार करून त्यात ही पाने एकदाच नीट मांडावीत आणि नवी साइट उघडताना कोऱ्या साइटऐवजी ते टेम्पलेट निवडावे. पुढे टेम्पलेटच्या पानात केलेला बदल त्यावरून बनलेल्या साइटपर्यंतही पोहोचतो. मात्र जिथे साइटच्या प्रशासकाने ते पान स्वतः बदललेले असेल, तिथे तो पोहोचत नाही.

उत्तर २ : एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्यापायी माझे दोन दिवस गेले आहेत. हे बदल पानांपुरतेच पोहोचतात. वेब कंटेंटमधील लेखांची (पानावर दाखवण्यासाठी वेगळ्या लिहून ठेवलेल्या मजकुराची) नक्कल साइट तयार होताना एकदाच होते, त्यामुळे ‘संपर्क : कक्ष क्रमांक १२’ हा मजकूर टेम्पलेटमध्ये दुरुस्त केला, तरी आधीच्या साइटवर जुनाच कक्ष दिसत राहतो. वरचेवर बदलणारा मजकूर ग्लोबल साइटमध्ये (जिथला मजकूर सर्व साइटना वापरता येतो) ठेवून तिथूनच पानावर दाखवणे मला सर्वांत भरवशाचे वाटते.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. संपर्काचा मजकूर आजच ग्लोबल साइटमध्ये हलवतो.