एफएक्सआर ग्राही : एका इथाइल गटाने एवढा फरक कसा पडतो?

प्रश्न
मी औषधनिर्माणशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी असून पित्ताम्ले ओळखणाऱ्या एफएक्सआर या केंद्रकीय ग्राहीवर (पेशीच्या केंद्रकात जनुकांचे काम नियंत्रित करणाऱ्या प्रथिनावर) चर्चासत्र देणार आहे. शरीरातल्या पित्ताम्लांपैकी चिनोडीऑक्सिकोलिक आम्ल या ग्राहीला सर्वाधिक उद्दीपित करते, पण त्यासाठी मायक्रोमोलर तीव्रता लागते. पेरुजा विद्यापीठातील रॉबर्टो पेल्लिच्चारी यांच्या गटाने २००२ मध्ये त्याच रेणूच्या सहाव्या कार्बनवर अल्फा बाजूने इथाइल गट (दोन कार्बनांचा तुकडा) जोडला आणि ईसी५०, म्हणजे निम्मे उद्दीपन घडवायला लागणारी तीव्रता, सुमारे १०० नॅनोमोलरवर (०.१ मायक्रोमोलरवर) आली. हेच पुढे ओबेटिकोलिक आम्ल हे यकृतविकारावरील औषध झाले. दोन कार्बनांनी एवढे काय साधले? आणि मुळात पित्ताम्लांचा स्टेरॉइड सांगाडा सोडूनच का देऊ नये?

प्रतिसाद १
ग्राहीच्या बंधनखोबणीत (रेणू जिथे जाऊन बसतो त्या खाचेत) मूळ पित्ताम्ल बसल्यावरही सहाव्या कार्बनाशेजारी एक लहानशी जलविरोधी पोकळी रिकामी राहते आणि इथाइल गट ती नेमकी भरून काढतो. ही खोबण किती चोखंदळ आहे हे पाहायचे असेल, तर अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाकडे पाहावे: तिथे सातव्या कार्बनवरील हायड्रॉक्सिल गटाची केवळ दिशा उलटी आहे, आणि तेवढ्याने उद्दीपन जवळजवळ नाहीसे होते.

प्रतिसाद २
सांगाडा सोडण्याचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. जीडब्ल्यू४०६४ हे आयसोक्झाझोल वर्गातील संयुग २००० मध्ये प्रसिद्ध झाले आणि प्रयोगशाळांमध्ये आजही वापरले जाते. मात्र त्यातील स्टिल्बीन या तुकड्याचा (दोन बेन्झीन वलयांना जोडणारा) दुहेरी बंध प्रकाशात टिकत नाही आणि तोंडावाटे दिल्यास शोषण अपुरे होते, म्हणून ते औषध होऊ शकले नाही. नंतरच्या बऱ्याच रसायनज्ञांचे श्रम तो एक तुकडा बदलण्यातच खर्ची पडले.

प्रतिसाद ३
माझ्या मते खरी अडचण खोबणीच्या पलीकडे आहे. एफएक्सआर उद्दीपित झाला की यकृतातील सीवायपी७ए१ हे विकर दबते, कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लात रूपांतर मंदावते आणि रक्तातील एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढते. खाज सुटणे आणि एलडीएल वाढणे हे परिणाम ट्रोपिफेक्सॉरसारख्या स्टेरॉइडविरहित संयुगातही दिसले, त्यामुळे केवळ सांगाडा बदलून त्यांतून सुटका होत नाही. ओबेटिकोलिक आम्ल तर नैसर्गिक पित्ताम्लाप्रमाणेच ग्लायसीन आणि टॉरीनशी संयुग्मित होऊन आतडे आणि यकृत यांच्यात फिरत राहते. सिऱ्होसिस (यकृत कठीण व व्रणयुक्त होणे) बळावलेल्या यकृतात ते साचते. अशा रुग्णांना आठवड्यातून एकदा देण्याऐवजी रोज मात्रा दिली गेल्याने गंभीर इजा झाल्याचे आढळले, तेव्हा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये माहितीपत्रकावर चौकटीतील इशारा (सर्वांत कडक प्रकारचा इशारा) बंधनकारक केला.

म्हणून चर्चासत्रात ईसी५० च्या तक्त्याबरोबर फेक्सारामाइन या स्टेरॉइडविरहित संयुगाचेही उदाहरण अवश्य घ्यावे. तोंडावाटे दिल्यावर ते फारसे शोषले जात नाही आणि मुख्यतः आतड्यातील एफएक्सआरच जागा करते. २०१५ मध्ये उंदरांवर प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्याने एफजीएफ१५ हे आतड्यातून स्रवणारे संप्रेरक वाढवले आणि स्निग्ध आहाराने वाढणाऱ्या वजनाला आळा घातला. एरवी ज्याला आपण अपुरे शोषण म्हणून दोष देतो, तोच गुण इथे कामी आला आहे.