ढगांतून उतरताना छोटी विमाने शेवटच्या टप्प्यातच का कोसळतात?

प्रश्न (नेरूळ)
माझ्या भाचीचे वैमानिकाचे प्रशिक्षण सुरू असून, आता ती केवळ उपकरणांवर विसंबून उतरण्याचे धडे घेत आहे. जुलैत आमच्या गच्चीवरून पारसिकचा डोंगर दोन-दोन दिवस दिसत नाही, तेव्हा हटकून तिची काळजी वाटते. आयएलएस ही रेडिओ लहरींवर चालणारी यंत्रणा धावपट्टीची वाट दाखवत असताना अपघात शेवटच्या टप्प्यातच का होतात?

उत्तर १ (ठाणे, निवृत्त उड्डाण प्रशिक्षक)
ही यंत्रणा वाट दाखवते. पण पहिल्या, म्हणजे सर्वात साध्या श्रेणीच्या आयएलएसवर उंचीचे अखेरचे साधारण २०० फूट वैमानिकाला स्वतःच्या नजरेने पार करावे लागतात. तिथवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर पुन्हा वर जायचे, हा नियम आहे. ३ अंशांच्या उतारावरून ९० नॉट (ताशी सुमारे १६७ किमी) वेगाने येणारे विमान तिथून सुमारे २५ सेकंदांत जमिनीला टेकते. "अजून थोडे खाली गेलो तर दिसेल" हा मोह तेव्हाच होतो, आणि एकट्या वैमानिकाला उपकरणे व समोरची काच या दोन्हींकडे स्वतःच पाहावे लागते.

शिवाय ढगात शरीर दगा देते. एकदा हूड (बाहेरचे दिसू नये म्हणून डोळ्यांवर लावायची झापड) लावून उडणारा माझा विद्यार्थी "सर, आपण डावीकडे कलतोय" असे कळवळून सांगत होता. विमानाचा कल दाखवणारे उपकरण, आर्टिफिशियल होरायझन, मात्र अगदी सपाट होते. गो-अराउंडला, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर जाताना, पॉवर देताच वेग झपाट्याने वाढला, तर नाक उचलले गेल्याचा भास होतो, आणि घाबरलेला हात ते खाली दाबतो. मला सर्वाधिक भीती याचीच वाटते.

उत्तर २ (ऐरोली)
१४ सप्टेंबर २०२३ रोजी मुसळधार पावसात मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना लिअरजेट ४५ या छोट्या जेट विमानाला अपघात झाला, तेव्हा दृश्यमानता ७०० मीटर होती. आतील आठही जण वाचले.

प्रश्नकर्ता
मग तिला काय सांगू?

उत्तर १
धावपट्टी न दिसल्यास परत फिरण्याच्या उंचीची स्वतःची मर्यादा नियमापेक्षा वरची ठेवावी, उड्डाणाआधी जमिनीवरच ती कागदावर लिहावी आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरून उरेल इतके इंधन घ्यावे. टाकीत इंधन असले की परत फिरणे जड जात नाही.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. रविवारी ती घरी येणार आहे; तिने किती फूट लिहिले आहेत, हे आधी विचारीन.