मदत हवी आहे: व्हिएतनामी दरबारी फान थान्ह झानला कुठल्या खान्यात टाकू?

आमच्या वाचनकट्ट्यावर रविवारी व्हिएतनामवर बोलायचंय. अमेरिकेचं युद्ध सगळ्यांना पाठ, म्हणून मुद्दाम शंभर वर्षं मागे गेलो आणि तिथेच रुतलो.

१८५८ मध्ये फ्रेंच-स्पॅनिश आरमार दा नांगला आलं. तिथे डाळ शिजेना, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांनी सायगाव घेतलं. जून १८६२ मध्ये व्हिएतनामच्या दरबाराने तह करून दक्षिणेतले तीन प्रांत फ्रेंचांना दिले, वर ४० लाख डॉलरची भरपाई कबूल केली. वाटाघाटींना पुढे होता फान थान्ह झान. इकडे दक्षिणेत गो कोंगला चुओंग दिन्ह फ्रेंचांशी लढतच होता. ‘फौज मोडा’ असा हुकूम आला, त्याने साफ धुडकावला. १८६४ मध्ये जुन्याच साथीदाराच्या फितुरीने गेला बिचारा.

फ्रेंचांशी लढताना मेलेल्या कान ज्युओकच्या शेतकऱ्यांवरचा एक शोकलेख वाचला. हातात बांबूचा भाला, तलवारीच्या जागी स्वयंपाकाचा सुरा, बंदुकीला बत्ती म्हणून पेंढ्याचा पीळ! हे वाचल्यावर तह करणाऱ्याचा रागच येतो.

पण हाच माणूस १८६३ मध्ये ते प्रांत सोडवायला पॅरिसपर्यंत गेला. १८६७ मध्ये दक्षिणेतले उरलेले, पश्चिमेचे तीन प्रांत न लढता सोडले आणि विष घेतलं. पुढे त्याच्याच मुलांनी फ्रेंचांविरुद्ध बंड केलं. आता याला गद्दार म्हणू की अगतिक? जाणकारांनी सांगा, प्लीज.

प्रतिसाद: एकट्या त्याच्यावर खापर फोडू नका, तह राजा तू दूकचा होता. तेव्हा उत्तरेत आधीच्या ले राजघराण्याच्या नावाने बंड पेटलं होतं आणि दक्षिणेचा तांदूळ राजधानी ह्युएला पोचत नव्हता. दोन्हीकडे लढायची ताकद नव्हती, म्हणून आधी घरातलं बंड मोडायचं ठरलं. माझ्या मते हिशेब चुकला, पण ती फितुरी नव्हे.

आणि न्गुयेन चुंग चुकला विसरू नका. कोळ्याघरचा पोरगा. डिसेंबर १८६१ मध्ये न्यात ताओला त्याने ‘एस्पेरान्स’ हे फ्रेंच जहाज जाळलं, १८६८ मध्ये राच ज्याचा किल्ला घेतला. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याला मारलं. राच ज्याला त्याचं देऊळ आहे. मूळचं ते कोळ्यांच्या देवमाशाचं.