धबधबा आणि समुद्र: सोबत दोन लहान मुलं

मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीचचा. एकाच सहलीत दोन्ही बघायचंय. आधी कुठे जावं? पाण्यात कितपत उतरू द्यावं?

उत्तर १
धबधबा सकाळीच उरका. चढ-उतार असतो, दुपारी मुलं पेंगतात आणि कडेवर घ्यावी लागतात. धाकट्याला पाठीवरच्या पिशवीत घ्या, म्हणजे तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील. शेवाळी दगडांवर ते लागतातच. थेट धारेखाली मात्र मुलांना अजिबात नेऊ नका, वरून दगड येतात. आणि हे अगदी कळकळीने सांगते: तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस पडत असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, की सामान तिथेच सोडून मुलांना उचला आणि उंचावर जा.

उत्तर २
समुद्र उन्हं कलल्यावर. भरती-ओहोटीच्या वेळा आधी बघून ठेवा. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर बहुतेकदा तिथेच पाणी आत ओढतं. पोहण्याचे कपडे भडक केशरी घ्या, निळे पाण्यात दिसत नाहीत. दंडावरच्या हवेच्या फुग्यांवर विसंबू नका. मुलांपासून हातभर अंतरावर एक मोठं माणूस हवंच, तेही मोबाइल बाजूला ठेवून.

प्रश्नकर्ती
मनापासून आभार! पाठपिशवी अडीच वर्षांच्या मुलाचं वजन पेलते का?

उत्तर १
चांगली असेल तर पेलते. वजनाची मर्यादा लिहिलेली असते, घेताना तपासा. कमरेचा पट्टा रुंद हवा.