मदत हवी आहे: ॲक्टिन-मायोसिनची लांबी बदलत नाही, तर स्नायू आखडतो कसा?

कोरी_वही:
भिंतीवर लावायला सार्कोमिअरचा तक्ता काढायचा आहे, शेजारी शेजारी शिथिल आणि आकुंचित अवस्था. रचना इथवर समजली आहे: स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या, प्रत्येक तंतू ही अनेक केंद्रकांची एक लांबलचक पेशी, तिच्या आत मायोफायब्रिल नावाचे बारीक धागे आणि त्यांत एकापुढे एक लागलेले सार्कोमिअर, म्हणजे आखडणारे छोटे एकक. पुढे गाडी अडते.

त्यातल्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांच्या दोन्ही फिलामेंटची (धाग्यांची) लांबी कायम राहते म्हणतात, मग आखूड काय होतं? एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) हे इंधन असेल तर ते संपल्यावर स्नायू सैल पडायला हवा. मृतदेह तर ताठरतो. आणि हातातलं वजन सावकाश खाली आणताना दंडाचा स्नायू लांब होत असतो, तरी त्याला आकुंचन का म्हणायचं? तक्त्यासाठी मापंही सांगितली तर फार बरं होईल.

झेड_रेषा:
मापांपासूनच सुरुवात करा, पहिलं कोडं त्यातच सुटतं. १ मायक्रोमीटरला ५ सेंमी असं प्रमाण घ्या. मायोसिनचं जाड फिलामेंट १.६ मायक्रोमीटर, म्हणजे ८ सेंमी. ॲक्टिनचं बारीक फिलामेंट साधारण १ मायक्रोमीटर, म्हणजे ५ सेंमी. (माणसात हे थोडं जास्त लांब असतं, पण तक्त्याला बेडकाची मापं सोयीची पडतात.)

शिथिल चित्रात दोन झेड रेषांमध्ये (सार्कोमिअरच्या दोन टोकांच्या सीमा) १२ सेंमी अंतर ठेवा. दोन्हींकडून ५-५ सेंमी ॲक्टिन आत येऊ द्या, मायोसिन बरोबर मधोमध. मध्ये २ सेंमी जागा ॲक्टिनविना उरते, तो एच पट्टा. मायोसिनच्या टोकापासून झेड रेषेपर्यंत दोन्ही बाजूंना २-२ सेंमी उरतात, तो अर्धा-अर्धा आय पट्टा. आता दुसऱ्या चित्रात फिलामेंट तेवढीच ठेवून झेड रेषा १० सेंमी अंतरावर आणा. एच गायब, आय निम्मा, ए पट्टा, म्हणजे मायोसिनची पूर्ण लांबी, मात्र ८ चा ८ सेंमीच. आखूड झालं ते झेड ते झेड अंतर.

१९५४ साली नेमकी हीच गोष्ट दोन जोड्यांनी 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडली: अँड्र्यू हक्सली व रॉल्फ नीडरगेर्क, आणि ह्यू हक्सली व जीन हॅन्सन. दोन्ही हक्सली वेगळे, नात्यातलेही नाहीत. तक्त्यावर नावं घालणार असाल तर जपून.

एका सार्कोमिअरमागे फक्त ०.४ मायक्रोमीटर कमी झाले. पण १० सेंमीच्या तंतूत असे सुमारे ४२ हजार सार्कोमिअर ओळीने लागतात, म्हणून एकूण दीड सेंमीहून जास्त फरक पडतो.

मोकळी_पकड:
दुसऱ्या प्रश्नाची गोम अशी की एटीपी आधी *सोडण्यासाठी* लागतं. क्रम नीट बघा. मायोसिनचं डोकं (फिलामेंटमधून बाहेर आलेला टोकाचा भाग) ॲक्टिनला घट्ट चिकटलेलं आहे. एटीपी येऊन बसलं की पकड सुटते. मग ते तुटून त्याचे एडीपी आणि फॉस्फेट असे दोन तुकडे होतात, आणि त्या ऊर्जेवर डोकं मागे ताणलं जाऊन तयार राहतं. ते पुढच्या जागी ॲक्टिनला धरतं, फॉस्फेट निसटताना झटका बसतो आणि ॲक्टिन ५ ते १० नॅनोमीटर सरकतं. शेवटी एडीपीही निघून जातं, डोकं पुन्हा घट्ट चिकटलेलं. नवं एटीपी आलंच नाही तर चक्र इथेच अडकतं. मृत्यूनंतर काही तासांत तेच होतं. पुढे एक-दोन दिवसांत प्रथिनंच तुटू लागली की ताठरपणा उतरतो.

सगळी डोकी एका वेळी झटका देत नाहीत. रस्सीखेचीत सगळ्यांनी एकदम हात बदलले तर दोर निसटेल, तसंच इथेही काहींनी धरून ठेवावंच लागतं.

चेता_जोड:
वरच्या उत्तरात कॅल्शियम राहिलं. शिथिल स्नायूत ॲक्टिनवरच्या, डोकी धरतात त्या जागा ट्रोपोमायोसिन या प्रथिनाने झाकलेल्या असतात. चेतातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक रसायन सुटतं, विद्युत लहर टी-नलिकांमधून (तंतूच्या पटलाच्या आत वळलेल्या नळ्या) तंतूच्या आत उतरते, सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम या कॅल्शियमच्या कोठारातून कॅल्शियम बाहेर येतं आणि ॲक्टिनवरच्या ट्रोपोनिन-सी या प्रथिनाला चिकटतं. ट्रोपोमायोसिन बाजूला सरकतं, जागा उघड्या पडतात. हे कॅल्शियम परत आत ओढणाऱ्या पंपालाही एटीपी लागतं, दोन आयनांमागे एक. म्हणजे सैल पडणंही फुकट नाही.

कोरी_वही:
मग पोटरीत गोळा येतो तेव्हाही एटीपी संपलेलं असतं का?

चेता_जोड:
नाही. गोळा येतो तो चेतातंतू थांबायचं नाव न घेता संदेश पाठवत राहतात म्हणून. स्नायू नुसता हुकूम पाळत असतो. ताणून धरल्यावर सुटतो तो त्यामुळेच. कॅल्शियमचा दरवाजाच बिघडल्याचं खरं उदाहरण म्हणजे मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा विकार. रायनोडीन रिसेप्टरमध्ये (कोठारातून कॅल्शियम बाहेर सोडणारा हाच दरवाजा) जनुकीय दोष असलेल्या काहींना हॅलोथेनसारखा भुलीचा वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध दिल्यावर कॅल्शियम वाहतच राहतं, स्नायू ताठरतात, ताप झपाट्याने चढतो. त्यावर डँट्रोलीन हे औषध देतात, ते ही गळती रोखतं.

झेड_रेषा:
तिसरा प्रश्न. इथे आकुंचन म्हणजे ताण निर्माण करणं. लांबी कमी होवो, तीच राहो किंवा वाढो. वजन खाली येताना डोकी धरून ओढतच असतात, पण वजनाचा जोर जास्त असल्याने त्यांची पकड बाहेरून सुटते. म्हणून तेवढ्याच ताणाला एटीपी कमी खर्च होतं आणि कमाल ताण मात्र स्थिर धरण्यापेक्षा जास्त मिळतो. किंमत अशी की काही कमकुवत सार्कोमिअर वाजवीपेक्षा ताणले जातात, झेड रेषा वेड्यावाकड्या होतात. सवय नसताना उतारावरून चालल्यावर २४ ते ७२ तासांनी मांड्या दुखतात त्या यामुळे. लॅक्टिक ॲसिडला उगाच दोष देतात. वाढलेलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं.

मोकळी_पकड:
तक्त्याबद्दल दोन गोष्टी. मायोसिनच्या मधल्या साधारण ०.१६ मायक्रोमीटर भागात डोकी नसतात, म्हणजे तुमच्या मापाने ८ मिमी कोरे सोडा. आणि त्या कोऱ्या भागाच्या डावीकडची डोकी डावीकडच्या ॲक्टिनला मध्याकडे ओढतात, उजवीकडची उजवीकडच्या. बाण एकाच दिशेने काढले तर सगळा सार्कोमिअर नुसता बाजूला सरकताना दिसेल. जागा उरली तर झेडपासून सार्कोमिअरच्या मधोमधच्या एम रेषेपर्यंत टायटिन या स्प्रिंगसारख्या प्रथिनाची रेघही काढा. आय पट्ट्यातला तिचा तुकडा नागमोडी ठेवा. लवचिक भाग तोच.