रावेरहून प्रॉक्सिमा दिसेल का?

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. सहा इंची दुर्बीण आहे. परवा रात्री लाइट होती म्हणून मोटर चालू करायला मळ्यात गेलो. साडेदहाला केळीच्या पानांच्या वर, दक्षिणेला अगदी खाली, 'मित्र' तारा (अल्फा सेंटॉरी) मातकट पिवळा लुकलुकत होता. त्याच्या शेजारचा प्रॉक्सिमा, सूर्यानंतरचा आपल्याला सगळ्यात जवळचा तारा, काही सापडला नाही. दुर्बीण कमी पडते की माझे डोळे?

धुळेकर:
दोन्ही नाही भाऊ, अक्षांश नडतो. प्रॉक्सिमाची क्रांती (म्हणजे आकाशातला अक्षांश) उणे ६२.७ अंश, तुम्ही २१ उत्तरेला. म्हणजे क्षितिजाच्या फार तर ६ अंश वर येणार, हात लांब करून तीन-चार बोटं. प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा अंधुक) ११.१, नुसत्या डोळ्यांच्या मर्यादेपेक्षा शंभरपट अंधुक. त्यात मे महिन्याची धूळ!

तापीकाठ:
आणि 'शेजारी' म्हणजे चिकटून नाही भो, मित्रापासून दोन अंशांवर शोधा. १९१५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ इनेस यांनी जोहान्सबर्गहून तो हेरला, तोही इतर ताऱ्यांमधून सरकण्यावरून. वर्षाला ३.८५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतो. लाल बटू, म्हणजे छोटा, थंडसर तारा, वस्तुमान सूर्याच्या आठव्या हिश्श्याएवढं, अंतर ४.२४ प्रकाशवर्षं. मधूनच भडकतो, मिनिटांत तेज वाढतं.

केळीवाला_रावेर:
म्हणजे सगळ्यात जवळचा आणि दिसणार नाही! बरं, एका पावसानंतर हवा धुतली की पुन्हा बघतो. बांधावरचं निंबाचं झाडही नेमकं दक्षिणेलाच आहे, ते वडिलांनी लावलंय, तोडणार नाही.

धुळेकर:
दुर्बीणच गच्चीवर न्या की.