बोरिंगच्या पाण्याने नळ पांढरे झालेत आणि मोगराही पिवळा पडलाय. घरच्या घरी काय करता येईल?

बटमोगरा

नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं आणि उन्हाळ्यात पुरत नाही. त्यामुळे अंघोळ, कपडे, भांडी सगळं बोरिंगवर. प्यायला त्याच पाण्यावर आरओ बसवलाय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली न्हाणीघराची. नळांवर, शॉवरच्या जाळीवर आणि बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. एका व्हिडिओत पाहून व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावला. फेस भरपूर आला, थर जिथल्या तिथे. मग चिडून बाजारातलं ॲसिड आणलं. नळ चमकला, पण खाली ओघळलं तिथे कोटा फरशीवर पांढुरके, खरखरीत डाग पडले. फरशी सासऱ्यांनी १९८१ साली स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. ते आता नाहीत. रोज सकाळी ते डाग दिसतात आणि जीव चुकचुकतो.

दुसरी गोष्ट मोगऱ्याची. सासूबाईंच्या हातचा बटमोगरा आहे, मोठ्या कुंडीत, माती शेतातली काळी. दरवर्षी चैत्रात गजरे व्हायचे. या वर्षी शेंड्याची नवी पानं पिवळी येताहेत, शिरा मात्र हिरव्या. शेणखत घातलं, काही फरक नाही. पाणी वाया जाऊ नये म्हणून वर्षभर आरओचं सांडपाणी याच कुंडीला घालते आहे.

बाजारातलं ॲसिड पुन्हा घरात आणायचं नाही असं ठरवलंय. काय करू?

रामबागची मावशी

अगं, बायोएंझाइम कर. मी चार वर्षं करते आहे. एक भाग गूळ, तीन भाग मोसंबी-लिंबाची सालं, दहा भाग पाणी. प्लॅस्टिकच्या बरणीत, वर थोडी जागा ठेवून. काचेची नको, आत वायू धरतो. पहिला महिनाभर रोज झाकण जरा सैल करून वायू जाऊ द्यायचा, तीन महिन्यांनी गाळायचं. बेसिन, संडासाचं भांडं, मोरीचा वास, सगळ्याला तेच वापरते. ओल्या कचऱ्याच्या डब्यात सालं जायचीच थांबली. तुझ्या फरशीलाही लावून बघ.

निवृत्त रसायनवाला

मावशी, बेसिनपर्यंत तुमच्याशी पूर्ण सहमत. फरशीला मात्र कृपया नको. कोटा हा चुनखडीचाच दगड. बायोएंझाइम आंबूस असतं, आंबवलेलं आहे ना. लिंबू असो, व्हिनेगर असो, कुठलंही आम्ल कोट्याला आणि संगमरवराला खातंच. बटमोगराताई, तुमच्या फरशीवर जे दिसतंय तो डाग नाही, तिथला दगडच वरून विरघळलाय. म्हणून कितीही घासलं तरी जाणार नाही.

आता मूळ कारण. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. पाणी सुकलं किंवा तापलं की मागे कार्बोनेट उरतं. नळावरचा थर तोच, गीझरच्या कॉइलवरचाही तोच. याला सौम्य आम्लच लागतं. तुमच्या व्हिनेगरने काम केलं असतं, सोड्याने ते मारून टाकलं. फेस म्हणजे त्या दोघांची आपापसातली झटापट, थरापर्यंत काही पोहोचलंच नाही.

सियागंजात कुठल्याही किराणा दुकानात लिंबूसत्त्व मिळतं, काही जण टाटरी म्हणतात. अर्धा लिटर कोमट पाण्यात पाच चमचे, सपाट. जुनं फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा. खाली ताट ठेवा, एक थेंबही फरशीवर पडता कामा नये. वीस मिनिटांनी काढा, जुन्या दातांच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा मंदावतो. शॉवरची जाळी फिरवून काढा आणि वाटीत बुडवून ठेवा. थर जाड असेल तर पुन्हा करा, द्राव दाट करू नका.

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. ब्लीचिंग किंवा क्लोरीनवालं कुठलंही क्लीनर वापरलं असेल, तर त्याच जागी त्याच दिवशी लिंबूसत्त्व, व्हिनेगर, ॲसिड काहीही नको. क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो फुप्फुसाला इजा करतो.

फरशीचं असं. हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर आणा, ४०० आणि ८०० नंबरचे. पाणी टाकत आधी ४००, मग ८०० ने गोल गोल घासा. डाग हातभर जागेचे असतील तर हाताने बऱ्यापैकी मिळून येतात. जास्त असतील तर पॉलिशवाल्याला बोलवा.

टेरेसवरची बाग, राजेंद्रनगर

काकांनी नळाचं सांगितलं, मी मोगऱ्याचं सांगतो, कारण मूळ एकच आहे.

जुनी पानं पिवळी पडली असती तर नत्राची कमी म्हटलं असतं. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण चुना वाढला की ते अडकून पडतं, मुळांना उचलता येत नाही. आपल्या माळव्याची काळी माती आधीच चुनखडीकडे झुकलेली, त्यात तुम्ही घालता आरओचं सांडपाणी. ताई, काटकसर बरोबर होती, झाड मात्र चुकलं. आरओ चारपैकी एक लिटर गोड पाणी तुम्हाला देतो आणि त्याचे क्षारही उरलेल्या तीन लिटरांत ढकलतो. बोरिंगचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ८०० असेल तर त्या तीन लिटरांचा साधारण १०५० होतो. ते पाणी संडासात टाका, गच्ची धुवा. कुंडीत नको.

आधी नर्मदेच्या पाण्याच्या दोन-तीन बादल्या कुंडीत हळूहळू ओता आणि खालून वाहून जाऊ द्या, म्हणजे साठलेले क्षार निघतील. मग हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार), एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, त्यात लिंबूसत्त्व १ ग्रॅम. उन्हं उतरल्यावर पानांवर फवारा, दर आठ-दहा दिवसांनी तीनदा. मातीत घालू नका, चुन्याच्या मातीत ते लगेच वाया जातं. कुंडी अंगणात हलवून फवारा, हिराकसाचे गंजाचे डाग कोट्यावरून निघणार नाहीत.

पावसाळ्यात गच्चीच्या नळाखाली ड्रम लावा. दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तरी दोनशे लिटरांवर पाणी उतरतं आणि त्यात चुना नसतो. पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्या. ड्रमला झाकण किंवा जाळी हवीच, नाहीतर डास होतील.

रामबागची मावशी

काका, बरं झालं सांगितलंत. माझ्या देवघरासमोरचा कोटा दोन वर्षांत निस्तेज झालाय, मी वयाला दोष देत होते. आता तिथे कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, एवढंच. मोरीला बायोएंझाइम चालूच ठेवते, त्यात काही वावगं नाही ना?

निवृत्त रसायनवाला

मोरी चिनी मातीच्या टाइलची असेल तर खुशाल. कोट्याची असेल तर तिथेही नको.

बटमोगरा

जुलैत लिहिते आहे. नळ दोन वेळात स्वच्छ झाले. आता अंघोळ झाली की जो शेवटचा असेल तो कोरड्या फडक्याने नळ पुसतो. मुलगाही पुसतो, न सांगता. तेवढ्यानेच थर जवळपास थांबलाय.

फरशीवर दोन रविवार बसले. अगदी पहिल्यासारखी नाही झाली, पण खरखर गेली. ओल्या फरशीवर डाग दिसतच नाही, सुकल्यावर तिरक्या उजेडात अजून कळतो. तेवढ्यासाठी पॉलिशवाल्याला बोलवणार नाही.

मोगऱ्याची तीन फवारण्या झाल्यावर आलेली पानं हिरवी आहेत. आधीची पिवळी तशीच राहिली, ती मी काढली नाहीत. या चैत्रात फुलं अशी आलीच नाहीत. गेल्या आठवड्यात ड्रम भरला. सासूबाई रोज संध्याकाळी स्वतः तांब्याने त्यातलं पाणी घालतात, मला हात लावू देत नाहीत. काल त्यांनी दोन कळ्या दाखवल्या.

राजेंद्रनगरचे दादा, छाटणी कधी करू?

टेरेसवरची बाग, राजेंद्रनगर

आता नको. जानेवारीच्या शेवटी पाणी कमी करा, थंडी ओसरली की अर्ध्यावर छाटा. कळ्यांचं सासूबाईंना सांगा, मला फार आनंद झाला.